नव्या फ्लाय लाईनला पीळ कुठून आला: दाजींच्या रीलचं प्रकरण

आमचे दाजी मूळचे येवल्याचे, नोकरीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, आणि मासेमारीचं वेड लहानपणापासूनचं. गळ झाला, स्पिनिंग झालं, मग कुठूनतरी फ्लाय फिशिंगचे (पिसं-दोऱ्याचा खोटा किडा, म्हणजे ‘फ्लाय’, जड लाईनच्या जोरावर फेकायची मासेमारी) व्हिडिओ बघितले आणि एक सहा नंबरचा ९ फुटी रॉड, रील, लाईन असा तयार सेट मागवला. सेटमधली लाईन कशी असते माहितीच आहे, उन्हाळा संपायच्या आत तिला भेगा पडल्या. मग त्यांनी चांगली नवी लाईन घेतली, डब्ल्यूएफ ६ एफ, म्हणजे पुढचा भाग जड, सहा नंबर, पाण्यावर तरंगणारी. स्वस्त नव्हती. ती त्यांनी घरीच हॉलमध्ये बसून रीलवर चढवली आणि इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या बॅकवॉटरला चिलापी धरायला गेले. (ज्या मच्छीमार संस्थेकडे पाण्याचा ठेका आहे तिला विचारून गेले होते, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.)

परत आले ते वैतागून. ‘लाईन डिफेक्टिव्ह आहे, परत पाठवतो,’ एवढंच. तक्रार काय तर जुनी भेगाळलेली लाईन जेवढी लांब जायची तेवढीही ही जात नाही, हाताने ओढून पायाशी टाकलेली लाईन आपोआप एकमेकींत गुंतते, पुढचा कास्ट मारला, म्हणजे लाईन फेकली, की तो गुंता उडून पहिल्या गाईडमध्ये (रॉडवरच्या कडीत) अडकतो, आणि वर रील फिरवताना शेवटी शेवटी खर्र खर्र आवाज येतो. मी म्हटलं दाजी, परत पाठवायच्या आधी एकदा बघू तरी द्या, वापरलेली लाईन कोण परत घेणार आहे.

आता अशा वेळी सगळ्यात आधी काय बघायचं तर लाईन उलटी तर चढली नाही ना. डब्ल्यूएफ लाईन साधारण ९० फुटांची असते, म्हणजे २७ मीटर, आणि तिचा जड भाग पुढच्या ३०-४० फुटांतच असतो, मागे सगळी बारीक रनिंग लाईन. सहा नंबर म्हणजे काय तर पहिल्या ३० फुटांचं वजन १६० ग्रेन, आपल्या हिशोबात जेमतेम साडेदहा ग्रॅम, आणि फ्लायला स्वतःला काहीच वजन नसल्यामुळे कास्टमध्ये जे काही फेकलं जातं ते हे साडेदहा ग्रॅमच. ते जर रीलच्या बाजूला गाडलं गेलं आणि लीडर (लाईन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा) बारीक टोकाला बांधला गेला तर जगातला कुठलाही रॉड ती लाईन फेकू शकत नाही. दाजींनी इथे चूक केली नव्हती, टोकाला ‘धिस एंड टू रील’ असं स्टिकर होतं ते त्यांनी नीट वाचलं होतं. बोटांत धरूनही कळतं म्हणा, लीडरकडे जाडी, आत बारीक. ते बरोबर होतं. रॉडवर सहा, लाईनवर सहा, तेही बरोबर. ड्रॅगची, म्हणजे रीलमधल्या ब्रेकची, दिशा पण बघितली, लाईन बाहेर ओढताना अडते आणि हँडल फिरवताना मोकळं, म्हणजे डाव्या हाताने गुंडाळायला रील जसं लागतं तसंच होतं.

मग उरतात दोन गोष्टी, वळण आणि पीळ. लोक या दोन्हीला एकच समजतात आणि म्हणून चुकीचा उपाय करत बसतात. वळण म्हणजे लाईन बरेच दिवस रीलवर गुंडाळलेली राहिली की तिला तो गोल आकार लक्षात राहतो, बाहेर काढली की स्प्रिंगसारखी पडते. त्याला उपाय सोपा, हातभर हातभर धरून सावकाश ताण द्यायचा, सरळ होते. पीळ म्हणजे लाईन स्वतःच्या अक्षाभोवती वळलेली असणं. ताणल्यावर ती पण सरळ दिसते! सैल सोडली की मात्र लगेच मधेच एक फास तयार होतो आणि तो स्वतःभोवतीच गुंडाळत जातो. ही परीक्षा आम्ही त्यांच्या गॅलरीत केली, ३ मीटरभर लाईन घेतली, एक टोक दाजींकडे एक माझ्याकडे, आधी ताणली, मग दोघं एकमेकांकडे एक एक पाऊल आलो, आणि मधला भाग गर्रकन फिरून दोरखंडासारखा वळला. दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. ‘बघ, मी काय म्हणत होतो, डिफेक्टिव्ह!’

पीळ आहे हे नक्की झालं, पण तो आला कुठून? कारण पीळ कास्टिंगमधूनही येतो. मोठी, पंख बाहेर आलेली फ्लाय असली की ती हवेत पंख्यासारखी फिरते आणि लाईनला पीळ घालते. पण दाजींची फ्लाय छोटी होती, चिलापीचं तोंड ते केवढं, आणि शिवाय तसा पीळ लीडरच्या बाजूने सुरू होतो. म्हणून मी सांगितलं, लाईन पूर्ण काढा, बॅकिंगच्या (लाईनच्या मागे जोडून रीलवर आधी गुंडाळलेल्या दोऱ्याच्या) गाठीपर्यंत. शेवटचे ४-५ मीटर तर त्या दिवशी मुकण्याला रीलच्या बाहेरच आलेले नव्हते, एवढा लांब कास्ट झालाच नव्हता. तेवढ्याच तुकड्यावर परत तीच परीक्षा घेतली. तिथेही तेवढाच पीळ. जो भाग कधी पाण्यावर गेलाच नाही, रीलवर दाबून बसलेला आहे त्यात कास्टिंगचा पीळ शिरणार कसा? म्हणजे तो चढवतानाच आत गेला. प्रकरण खरं म्हणजे इथेच सुटलं, बाकी सगळी निस्तरानिस्तर.

‘चढवली कशी होती?’ विचारलं तर उत्तर अगदी ठाम आलं. कंपनीची स्पूल (नवी लाईन ज्यावर गुंडाळून येते ती चकती) फरशीवर आडवी ठेवली, लेबल वर, आणि हँडल फिरवत गेले, लाईन स्पूलच्या कडेवरून उडी मारत वर येत गेली. हे त्यांना एका टॅकल विकणाऱ्याने काही वर्षांपूर्वी शिकवलेलं. आणि गंमत अशी की त्या माणसाने अजिबात चुकीचं शिकवलेलं नव्हतं, फक्त ते स्पिनिंग रीलसाठी होतं.

हे जरा नीट समजून घ्या कारण बाकीचं सगळं यावर आहे. स्पिनिंग रीलमध्ये स्पूल फिरत नाही, ती जागेवर असते आणि तार तिच्याभोवती फिरून लाईन गुंडाळते, त्यामुळे प्रत्येक वेढ्याला लाईनला एक पीळ पडतोच. म्हणून भरताना कंपनीची स्पूल खाली आडवी ठेवतात, कडेवरून निघताना तिथे उलट दिशेचा पीळ पडतो आणि दोन्ही एकमेकांना मारतात. लेबल वर की खाली हे त्यासाठीच बघायचं असतं. फ्लाय रीलमध्ये मात्र स्पूल स्वतः फिरते. गुंडाळताना पीळ पडतच नाही. म्हणजे आडव्या स्पूलच्या कडेवरून जो पीळ निघाला त्याला मारणारं पुढे कोणीच नाही, तो जसाच्या तसा आत जाऊन बसतो. हिशोब मांडून बघा, कंपनीच्या स्पूलवर लाईनच्या वेढ्याचा व्यास सरासरी १२ सेंटिमीटर धरला तर एक वेढा ३८ सेंटिमीटरचा, २७ मीटर लाईन म्हणजे सत्तर-एकाहत्तर वेढे, प्रत्येक वेढ्याला एक पूर्ण पीळ. मीटरमागे अडीच. एवढे पीळ घेऊन कुठली लाईन गाईडमधून सुरळीत जाणार?

मी हे कागदावर काढून दाखवत होतो तर दाजी मधेच म्हणाले, ‘थांब थांब, म्हणजे हे आसारीचं प्रकरण आहे.’ ज्यांनी येवल्याची संक्रांत बघितली नसेल त्यांच्यासाठी, तिकडे मांजा चक्रीवर नाही तर आसारीवर असतो, आणि ती हातात फिरते तेव्हाच दोरा सुटतो. आसारी जमिनीवर आडवी टाकून कडेवरून दोरा ओढला तर काय होतं हे येवल्यातल्या पाच वर्षांच्या पोराला माहिती असतं. मग मला पुढचं समजवावंच लागलं नाही, उलट तेच मला सांगायला लागले.

आता रिकामं झालंच आहे तर रील पूर्ण उघडून बघू म्हटलं, कारण त्या खर्र आवाजाचा हिशोब लागत नव्हता. तो लागला. रीलच्या खोक्यावर छापलेलं होतं डब्ल्यूएफ ६ आणि २० पाउंडाचं बॅकिंग १०० यार्ड. दाजींनी बॅकिंग १०० यार्डच भरलं होतं, पण ३० पाउंडाचं. दुकानात ‘जास्त मजबूत’ म्हणून दिलेलं. मजबूत आहे, पण जाड पण आहे ना, त्यामुळे तेवढ्याच लांबीत जागा जास्त खाल्ली आणि वरचे शेवटचे वेढे रीलच्या फ्रेमला घासत होते. लाईनच्या कोटिंगवर एका बाजूला खरचटल्याच्या खुणा होत्या, नशीब की नुसतं वरवरचं होतं, आतला धागा दिसायला लागला असता तर तेवढा भाग गेलाच म्हणायचा.

मग प्रश्न आला की बॅकिंग हवंच कशाला. दाजींचा मुद्दा असा की चिलापी काय १०० मीटर पळणार आहे का. बरोबर आहे, चिलापीच्या बाबतीत बॅकिंग कधी दिसणारच नाही. पण बॅकिंगचं दुसरं एक काम आहे ज्याकडे लोक बघत नाहीत, ते रीलचा मधला गाभा जाड करतं. रिकामा गाभा ४ सेंटिमीटरचा असेल तर एका फेऱ्यात साडेबारा सेंटिमीटर लाईन आत येते, बॅकिंग भरून तो ७ सेंटिमीटर केला तर २२. म्हणजे गुंडाळायला जवळपास निम्मे फेरे आणि लाईनला बसणारं वळणही मोठ्या गोलाचं, जे पटकन सुटतं. म्हणून बॅकिंग कमी करायचं पण काढून टाकायचं नाही. एका शेजाऱ्यांनी मधेच सुचवलं की नायलॉन वापरा, स्वस्त पडेल, घरात जुना नायलॉन मांजा पडलाय. दाजींनीच त्यांना गप्प केलं. एकतर त्या मांजावर २०१७ पासून हरित लवादाची देशभर बंदी आहे आणि पक्ष्यांचे, दुचाकीवाल्यांचे गळे कापले जातात ते वेगळंच, पण मासेमारीच्या बाजूने बघितलं तरी नायलॉन ताणतं, ताणलेलं गुंडाळलं की ते आत आकसत राहतं आणि स्पूलवर एवढा दाब येतो की हलकी स्पूल वाकडी पण होऊ शकते. डॅक्रॉन (बॅकिंगचा विणलेला पॉलिस्टर दोरा) फारसा ताणत नाही, कुजत नाही, म्हणून तेच.

पीळ काढायचं काम मात्र मजेशीर झालं. वाहती नदी असती तर सोपं होतं, फ्लाय आणि लीडर काढून सगळी लाईन प्रवाहात सोडायची, मोकळं टोक फिरत फिरत स्वतःच पीळ सोडतं. होडी असेल तर मागे ओढत न्यायची, तेही तसंच. आमच्याकडे दोन्ही नाही. दाजी म्हणाले गच्चीवरून खाली सोडू, लटकली की उलगडेल, पण बिल्डिंग सात मजली, २७ मीटर लाईनला पुरत नाही आणि खाली केबलवाल्यांच्या तारांचं जाळं. शेवटी नाशिककराला जे सुचायचं तेच सुचलं, गंगापूर रोडला लग्नाच्या लॉन्सची काय कमी आहे, मुहूर्त नसले की ते सगळे रिकामे पडलेले असतात. ओळखीतल्या एका लॉन्सच्या वॉचमनला विचारलं, नुकतंच पाणी मारलेलं ओलं गवत होतं. दाजींनी आतलं टोक धरलं आणि चालायला लागले, पूर्ण लाईन मागे गवतावरून घसटत, पुढचं टोक मोकळं. स्टेजपासून गेटपर्यंत आणि परत. मी मागून ओल्या सुती फडक्यात लाईन धरून दाजींच्या हातापासून मोकळ्या टोकाकडे पुसत गेलो, म्हणजे पीळ तिकडे ढकलला जातो आणि घाणही निघते. वॉचमन खुर्ची घेऊन बघत बसला होता, त्याला वाटलं इव्हेंटवाले मोजमाप घेतायत. दर फेरीनंतर तीच दोन पावलांची परीक्षा, आणि फास पडायचा बंद झाल्यावरच थांबलो. डांबरावर किंवा सिमेंटवर हा उद्योग करू नका, बारीक कच लागली की कोटिंगचं सॅंडपेपर होतं.

परत चढवताना आधी बॅकिंग किती ठेवायचं ते ठरवलं, आणि याला अंदाजापेक्षा उलटी भरणी हा एकच खात्रीचा मार्ग आहे. फ्लाय लाईन आधी रिकाम्या रीलवर गुंडाळली, जड टोक आत, मग तिच्यावर बॅकिंग गुंडाळत आलो आणि कडेपासून ४ मिलिमीटर राहिले तिथे कापलं. मग सगळं उतरवलं, बॅकिंग एका रिकाम्या स्पूलवर, लाईन कंपनीच्या स्पूलवर, मागचं बारीक टोक बाहेर राहील अशी, आणि आता सुलट. कंटाळवाणं आहे हे मान्य. पण एकदा केलं की त्या रीलपुरतं कायमचं कळतं.

बॅकिंग गाभ्याला आर्बर नॉटने बांधलं, गाभा गुळगुळीत असल्यामुळे दोन वेढे देऊन मगच गाठ, नाहीतर सगळं भेंडोळं गाभ्यावर नुसतं गरागरा फिरतं आणि मासा ओढतोय की आपण काही कळत नाही. बॅकिंग चांगलं घट्ट गुंडाळायचं, दाजींनी फडक्यात दाबून धरलं आणि बोटाने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सारखं पसरवत गेले, हे काम ते माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं करतात, मांजा भरलेले हात आहेत. सैल राहिलं तर मोठा मासा लागला त्या दिवशी वरचा वेढा खालच्यात रुततो आणि लीडर तुटतो. फ्लाय लाईन मात्र घट्ट ओढायची नाही, नीट बसेल एवढाच ताण.

लाईनच्या मागच्या टोकाला तयार लूप नव्हता म्हणून नेल नॉट मारली. त्याला नळी लागते, आम्ही रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलचा बोटभर तुकडा कापला, आतून स्पिरिटने साफ केला. लाईन आणि नळी शेजारी, बॅकिंगचे ७ वेढे, टोक नळीतून मागे, नळी ओढून काढायची आणि थुंकी लावून आवळायचं. आवळताना वेढे एकावर एक चढले तर सोडून परत मारा, तसंच ठेवू नका. ज्यांच्या लाईनला मागे लूप आहे त्यांनी बॅकिंगलाच मोठा लूप करावा, कंपनीची स्पूल आरपार जाईल एवढा, आणि लूपमध्ये लूप घालावा.

आणि मुख्य गोष्ट, कंपनीची स्पूल. तिच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घातला आणि तो मी दोन्ही हातांनी आडवा धरून बसलो, दाजी समोर रॉडच्या खालच्या तुकड्याला रील लावून. लाईन स्पूलच्या खालच्या बाजूने निघेल आणि रीलच्या खालच्या बाजूने आत जाईल असं धरलं, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने फिरतात आणि कंपनीत बसलेलं वळणही उलटं होत नाही. अंगठा हलकेच स्पूलच्या कडेवर ब्रेकसारखा, कारण दाजी थांबले की स्पूल आपल्या वेगात फिरत राहते आणि सगळी लाईन मांडीवर येते. ताईने बाजूला चहा ठेवला होता तो उचलायची पण सोय नव्हती. एकटे असाल तर दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये दांडा अडकवून चालतं. दाजींनी बसण्यापूर्वी डासांचं क्रीम चोळलं होतं ते मी साबणाने धुवायला लावलं, त्यातलं डीट हे रसायन प्लास्टिक खातं, आणि बहुतेक फ्लाय लाईनवर कोटिंग पीव्हीसीचंच असतं.

त्यानंतर मुकण्याला सकाळी लवकर गेलो. लाईन पायाशी टाकली तर गुंता नाही, गाईडमधून सुळकन जाते, रील आवाज करत नाही, आणि दाजींनी काठाजवळच्या उथळ पाण्यातून चिलाप्या काढल्या. तक्रार संपली असं मी धरून चाललो होतो, पण अकरा वाजून गेल्यावर ऊन चढलं तसं दाजी परत म्हणायला लागले की अडकतेय, सकाळसारखी जात नाही. पहिल्यांदा वाटलं मनाचे खेळ असतील. हात लावून बघितलं तर लाईन खरंच मऊ आणि चिकट झालेली. पीळ नव्हता, परीक्षा करून बघितली.

खोकं घरी जाऊन नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला, ती थंड पाण्यासाठीची ट्राउट लाईन होती. थंड पाण्याच्या लाईनचं कोटिंग मुद्दाम मऊ आणि आतला धागा विणलेला, लवचिक असतो म्हणजे गारठ्यात ती कडक होत नाही, आणि तीच आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लोळागोळा होते. उष्ण भागासाठी ट्रॉपिकल लाईन वेगळी येते, कोटिंग टणक, पुष्कळदा आत एकच जाड तंतू. ती जर हिमाचलात नेली तर तारेसारखी ताठ होईल, म्हणजे एक लाईन दोन्हीकडे चालणार नाही. यावर रीलचा, गाठीचा, भरण्याचा काही इलाज नाही. तोपर्यंत सकाळी आणि संध्याकाळीच जायचं, लाईन मधून मधून पाण्यात भिजवायची, आणि रॉड-रील उन्हात बंद गाडीत ठेवायचं नाही, एवढंच करता येतं.

दाजींनी ठरवलंय की ही लाईन जपून ठेवायची, कारण त्यांना तीर्थन खोऱ्यात ब्राउन ट्राउटला जायचंच आहे. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद असतो, म्हणजे एकतर ऑक्टोबर नाहीतर मार्चपासून पुढे, आणि तिथल्या मत्स्य विभागाचं लायसन्स काढून. नाशिकसाठी ट्रॉपिकल लाईन घ्यायची आणि त्याच रीलला एक जादा स्पूल. जादा स्पूलवर बॅकिंग किती बसणार ते आता माहितीच आहे, ट्रॉपिकल लाईनची जाडी थोडी वेगळी निघाली तर चार-पाच मीटर इकडेतिकडे. स्क्रूड्रायव्हर धरायला मला बोलवणार आहेत, चहा आधी पिऊन घेणार.